मोहाचा महाल

ओसाड महालात एकटा राहणाऱ्या माणसाला भय बाहेरून गाठते की आतून? रवींद्रनाथ ठाकुरांच्या १८९५ सालच्या ‘क्षुधित पाषाण’ या कथेचा नायक कापसावरील कर वसूल करणारा नोकर आहे. दिवसा तो आखूड विलायती कोटात हिशेब तपासतो. सांज झाली की रेशमी चोगा चढवतो, रुमालाला अत्तर लावतो आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इराणी दासीची वाट पाहू लागतो. ती भासते, खुणावते. हाती मात्र येत नाही. मला स्वतःला त्या छायेपेक्षा तो चोगाच अधिक भयंकर वाटतो, कारण तो त्याने आपल्याच हातांनी चढविलेला असतो! पहाटे वेडा मेहेर अली साऱ्यांना दूर राहण्यास बजावीत फिरतो. तोही पूर्वी याच महालात राहिलेला.

१८७८ साली, सतराव्या वर्षी, रवींद्रनाथ अहमदाबादला शाहीबागेच्या महालात वडील बंधू सत्येंद्रनाथांकडे राहिले होते. बंधू न्यायालयात गेले, म्हणजे तो प्रचंड वाडा आणि हा मुलगा, दोघेच उरत. कथेचे बीज तिथले.

दासीची कहाणी आपल्याला कळतच नाही. ती सुरू होते न होते तोच आगगाडी येते, आणि सांगणारा गृहस्थ ओळखीच्या साहेबाच्या डब्यात चढून निघून जातो.