पहिल्या वर्षाची भीति
(माकुणसार येथें विद्यार्थी व पालक यांच्या सभेंत झालेलें भाषण)



यंदा आपल्या गांवचीं जीं मुलें-मुली बारावी होऊन कॉलेजांत जात आहेत, त्यांच्यासाठीं आम्ही चार शब्द बोलणार आहों; आणि त्यांतले दोन त्यांच्या आईबापांसाठीं आहेत. सफाळ्याच्या स्टेशनावर सकाळची गाडी धरून कोणी पालघरास जाईल, कोणी वसई-विरारास, कोणी थेट मुंबईस. जागा मिळाली, फी भरली, म्हणजे आपलें काम झालें असें घरच्यांस वाटतें. खरी कसोटी त्यानंतर लागते. वर्गांत शंभर अनोळखी तोंडें, प्रोफेसर बोलतात तें निम्में इंग्रजींत, आणि शेजारचा मुलगा फाडफाड उत्तर देतो. वाडीचें पाणी, बाजारचा हिशेब एकट्यानें सांभाळणारा आमचा मुलगा तेथें मागच्या बाकावर जाऊन गप्प बसतो. दोन महिन्यांनीं म्हणूं लागतो, "हें आपलें काम नव्हे."

हें म्हणणें खोटें आहे, असें आम्ही स्पष्ट सांगतों. ज्याच्या घरांतून पूर्वीं कोणी त्या वाटेनें गेलें नाहीं, त्याला ती वाट अंधारी वाटणारच. वकिलाच्या मुलास जेवतां जेवतां कळतें कीं अर्ज कोठें द्यावा, प्रोफेसरास कसें विचारावें, एका विषयांत नापास झालें तर पुढें काय. आमच्या मुलास तें कोणी सांगत नाहीं. आणि कोणी न सांगितलेली गोष्ट आली नाहीं, तर तो स्वतःलाच मूर्ख समजतो.

शाहू छत्रपतींनीं हें दुखणें सव्वाशे वर्षांपूर्वीं ओळखलें. १८९६ सालीं कोल्हापुरांत सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह निघालें. दार सर्वांस उघडें होतें, पण आंत राहिले ते बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच. तेव्हां १९०१ पासून महाराजांनीं मराठा, जैन, आणि पुढें मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेले, अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं करण्यास हात दिला. दार उघडें असणें निराळें आणि आंत पाय टिकणें निराळें. पहिलें काम फी माफ केल्यानें होतें; दुसऱ्यास सोबत लागते.

डॉ. आंबेडकरांचेंच पाहा. १९०७ सालीं मॅट्रिक होऊन ते एल्फिन्स्टन कॉलेजांत गेले. राहणें परळच्या चाळींत. कॉलेजच्या हॉटेलांत त्यांस चहापाणी मिळत नसे. परंतु कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनीं त्यांची गोष्ट सयाजीराव महाराजांपर्यंत नेली, महाराजांनीं दरमहा २५ रुपये दिले, प्रो. म्युलर यांनीं पुस्तकें दिलीं. १९१२ सालीं ते बी. ए. झाले. एवढ्या बुद्धिमान पुरुषासही दुसऱ्यांचा हात घ्यावा लागला. मग आमच्या मुलानें मदत मागितली तर त्यांत कमीपणा कसला?

विद्यार्थ्यांनो, पहिल्याच आठवड्यांत पुढच्या बाकावर बसा. एक सोबती धरा. न समजलेलें वहींत लिहून ठेवा आणि तास संपल्यावर प्रोफेसरांस विचारा. मराठींत विचारण्यास लाजूं नका. इंग्रजी ही संवयीची गोष्ट आहे, रोज पांच शब्द केले तरी वर्षअखेर कान उघडतो. परीक्षा सहा महिन्यांची असते, आणि एखादा विषय राहिला तरी तो पुन्हा देतां येतो. तेवढ्यानें शिक्षण बुडत नाहीं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी ह्या सरकारी संकेतस्थळावर वेळेवर भरा. जातीचे व उत्पन्नाचे दाखले आतांच काढून ठेवा. आणि झोंप उडाली, अन्न जाईना, जीव नकोसा वाटूं लागला, तर तें लपवूं नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस फोन २०२२ पासून रात्रंदिवस फुकट चालतो, व त्यावर मराठींत बोलतां येतें.

आईबापांनो, मूल घरीं आलें कीं पहिला प्रश्न मार्कांचा करूं नका, "कोणाशीं ओळख झाली?" असें विचारा. "तुझ्यापायीं एवढा पैसा घातला" हें वाक्य तर तोंडांतून काढूंच नका. मुलगा घाबरला तर त्यास धीर देतां, आणि मुलगी घाबरली तर तिचें नांव काढून लग्नाच्या गोष्टी सुरू करतां, हा कोणता न्याय?

शेवटीं गांवास सांगणें. येथें वसतिगृह बांधण्याइतका पैसा आपणांजवळ नसेल, पण सोबत देण्यास पैसा लागत नाहीं. जो आधीं गेला त्यानें एका नव्यास बरोबर न्यावें. पहिल्या दिवशीं गाडींत त्याच्या शेजारीं बसावें, कचेरी व ग्रंथालय दाखवावें, जुनीं पुस्तकें द्यावींत, आणि दिवाळीपर्यंत आठवड्यांतून एकदां त्याची चौकशी करावी. तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनीं आज सभा उठण्यापूर्वीं आपलीं नांवें द्यावींत, आणि ज्यांस यंदा जावयाचें आहे त्यांनीं आपला सोबती येथेंच ठरवून घरीं जावें.