गिअरपेटीचें तेल



उदाहरण सोडविण्यापूर्वीं तें शेवटपर्यंत वाचावें, असें मी शाळेंत वर्षानुवर्षें मुलांना सांगत आलों. सेवानिवृत्त झाल्यावर हा नियम मीच विसरलों, आणि त्याची शिक्षा मला मोटारीखालीं उताणें पडून भोगावी लागली.

आमची मोटार स्वयंचलित गिअरची आहे. अशी पेटी अमेरिकेंत ओल्डस्मोबील मोटारींत १९४० च्या मॉडेलपासून मिळूं लागली. हिच्यांत पायाखालीं क्लच नसतो. पेटींतील तेलच इंजिनाची शक्ति पुढें पोंचवितें, आपल्या दाबानें आंतील क्लच मिटवितें, वंगण देतें आणि उष्णता वाहून नेतें. कालांतरानें तें काळवंडतें, त्याला जळका वास येतो. तेव्हां तें बदलणें इष्ट.

एका सायंकाळीं मीं खालचें बूच काढलें. जुनें तेल परातींत उतरलें. मग नवें तेल घालण्याचें वरचें बूच फिरवूं लागलों, तों तें गंजानें घट्ट धरलेलें! पाना घसरला, कडा झिजल्या, बूच जागचें हललें नाहीं. त्याच रात्रीं आमच्या कुटुंबाचा दमा उसळला. दारांत मोटार, पण पेटींत पुरेसें तेल नाहीं. रिक्षा मिळेपर्यंतचा अर्धा तास मी जन्मांत विसरणार नाहीं.

म्हणून सांगतों. प्रथम मोटारीची पुस्तिका वाचावी. तींत नेमलेलेंच तेल आणावें. एका जातीच्या पेटीचें तेल दुसरीला चालत नाहीं. मोटार सपाट जागीं भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावी, चाकांना दगड लावावे. नुसत्या जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं कधींहि जाऊं नये. तेल कोमट असावें, कढत नव्हे. आधीं वरचें बूच उघडतें कीं नाहीं तें पाहावें, मगच खालच्यास हात लावावा.

निघालेलें तेल मापावें. बरेंचसें तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्यें अडकून राहतें. बहुधा निम्म्याहून कमीच बाहेर येतें. पुस्तिकेंतील एकूण माप पाहून तितकें ओतल्यास पेटी तुडुंब होऊन तेलाला फेस येतो. जितकें निघालें तितकेंच प्रथम घालावें. बुचाला नवें वॉशर लावावें. शेवटीं पातळी तपासावी. त्या वेळीं इंजिन चालू असावें कीं बंद, आणि तेल किती तापलेलें असावें, हें पुस्तिका सांगेल तसें. जुनें तेल गटारांत न ओतां डब्यांत भरून गॅरेजवाल्याकडे द्यावें.

आमचें बूच दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं पांच मिनिटांत काढलें. जातांना ते म्हणाले, "गुरुजी, आधीं वरचें उघडायचें, मग खालचें." तें वाक्य मीं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलें आहे.