भुईमुगावरील बुरशी आणि बाजाराचा भाव

‘अन्नसुरक्षा’ आणि ‘अन्नाची सुरक्षितता’ या दोन संज्ञांची गल्लत उत्तरपत्रिकांत वारंवार होते. पहिलीचा संबंध धान्य पुरेसे मिळण्याशी, दुसरीचा ते निर्धोक असण्याशी. १९७४ मध्ये पंचमहाल (गुजरात) व बांसवाडा (राजस्थान) या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत कावीळ व जलोदर यांची साथ पसरली. ३९७ बाधितांपैकी १०६ जण दगावले. त्या घरांत मका होता. परंतु अवकाळी पावसात भिजून त्यावर बुरशी वाढली होती.

अस्परजिलस फ्लेव्हस ही ती बुरशी आणि अफ्लाटॉक्सिन हे तिचे विष. मोठ्या मात्रेत ते यकृत निकामी करते. अल्प मात्रेत वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग संभवतो. भुईमुगात काढणीपूर्वीच्या तीन ते सहा आठवड्यांत पावसाने ताण दिला की ही बुरशी जमिनीतील शेंगांत शिरते. साहजिकच विहीर नसलेला कोरडवाहू शेतकरी प्रथम सापडतो. पुढे शेंगा नीट न वाळवणे, फोडणे सोपे जावे म्हणून त्यांवर पाणी शिंपडणे, यांनी धोका वाढतो.

येथून प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. या विषाला वास नाही, चव नाही. अडत्या मूठभर दाणे घेऊन आकार व ओल पारखतो. विष त्याला दिसत नाही. परिणामी काळजीने वाळवलेल्या आणि निष्काळजीपणे साठवलेल्या मालास एकच भाव मिळतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडलेली असममित माहिती ती हीच.

युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यांत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. भारतात प्रक्रियेसाठीच्या दाण्यांना ती १५ आहे. निर्यातीत नाकारलेला माल नष्टच होतो असे नाही. तो देशी बाजारात वा तेलघाण्यावर पोहोचू शकतो. विष पेंडीत उरते, पेंड जनावरे खातात आणि दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ उतरते. कडक निकषांचे स्वागत करताना हा उलटा प्रवास सहसा विसरला जातो.

हैदराबादजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेने स्वस्त एलायझा चाचणी विकसित केली. आफ्रिकेतील मलावी देशात लहान शेतकऱ्यांच्या संघटनेने तिच्या साहाय्याने माल तपासून युरोपची बाजारपेठ पुन्हा गाठली. २०१६ मध्ये याच संस्थेने जागेवरच पंधरा मिनिटांत निकाल देणारा, दोन डॉलरांहून कमी खर्चाचा संच जाहीर केला.

तथापि संच स्वस्त झाला म्हणजे तपासणी स्वस्त झाली, असे नव्हे. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. पोत्यातील मोजकेच दाणे अतिविषारी असू शकतात. चुकीचा मोठा भाग म्हणूनच चाचणीत नसून नमुना घेण्यात असतो. मोठा आणि नीट मिसळलेला नमुना घेण्याचा खर्च दोन पोती आणणाऱ्यालाही जवळजवळ तेवढाच पडतो, जेवढा वीस टन आणणाऱ्याला. गावाचा माल वाळवणीनंतर एकत्र करून तपासणारी सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनीच हा भार विभागू शकते.

नायजेरियात आणखी एक मार्ग अवलंबिला गेला. विष न बनविणारे याच बुरशीचे प्रकार ज्वारीच्या दाण्यांवर चढवून, फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी, मक्याच्या शेतात पसरतात. ते विषारी प्रकारांची जागा बळकावतात. परंतु तेथेही निर्मळ मक्याला बाजाराने आपणहून जादा भाव दिला नाही. प्रारंभी टनामागे प्रोत्साहन रक्कम द्यावी लागली. निर्मळ धान्याचा लाभ अखेर खाणाऱ्याच्या यकृताला होतो, आणि ते यकृत बाजार समितीत लिलावाला उभे नसते. तपासणीचा प्रारंभिक खर्च सार्वजनिक निधीतून करण्याचा आधार हाच आहे.