आधी जखम, मग नाव



घनसावंगी, मंठा, परतूरच्या खेड्यांतून मानव विकास योजनेच्या निळ्या बसने शाळा-कॉलेजला येणाऱ्या मुलींविषयी आज बोलायचं आहे. त्यातली एखादी स्वतःच्याच अंगाला इजा करून घेते. घरी कळतं आणि पहिला प्रश्न येतो, "कोण हाय तो? नाव सांग आधी." मोबाइल काढून घेतात, कॉलेज बंद होतं, मामा स्थळं बघायला लागतो. जखम कुणी धुतलेली नसते.

याला नाटक म्हणू नका. मनातला कल्लोळ सहन होईना की शरीराच्या वेदनेनं क्षणभर मोकळं वाटतं; मग शरम दाटते, आणि शरमेपोटी पुन्हा तेच. दर वेळी मरायचंच असतं असं नाही, पण पुढचा धोका नक्की वाढतो. म्हणून "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तरुणपणी स्वतःला इजा करत. पुढे अशाच रुग्णांसाठी त्यांनी उपचारपद्धती घडवली आणि 2011 साली स्वतःची कहाणी जाहीर सांगितली. यातून माणूस बाहेर येतो.

आता प्रेमाचं. सतराव्या वर्षी कुणी आवडणं हा आजार नाही. जीव घुसमटतो तो लपवालपवीनं. भांडण झालं, त्यानं बोलणं तोडलं, फोटो पसरवायची धमकी दिली, तरी ती सांगणार कुणाला? घरी सांगावं तर लग्न लावतील. आपल्या जालना जिल्ह्यात साधारण तिनातल्या एका मुलीचं लग्न अठराच्या आत होतं. आईबाप ऊसतोडीला गेलेले असले तर घरात एकटी आजी. शिवाय अठराच्या आतले संबंध संमतीचे असले तरी बाल लैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्याखाली गुन्हा ठरतात, म्हणून ती डॉक्टरपुढेही गप्प राहते. आणि पोरींनो, प्रेम सिद्ध करायला तुम्हाला स्वतःला इजा करून घ्यायला सांगणारा, किंवा "सोडलंस तर मी जीव देईन" म्हणणारा मुलगा तुमचा जाच करतो आहे. त्याच्या जिवाचा भार एकटीनं वाहू नका, मोठ्या माणसाला सांगा.

पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळणारी घरं पुष्कळ आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जीव द्यायचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलेलंच नाही. तेव्हा बिनदिक्कत सरकारी दवाखान्यात न्या, मानसोपचार डॉक्टरांची गाठ घ्या.

पोरीनं स्वतःला इजा केल्याचं कळेल त्या रात्री मात्र एवढं करा. जखम धुवा, जवळ बसा, "काय सहन होईना गं?" विचारा आणि ऐका. शपथा घालू नका. मुलाचं नाव चार दिवसांनी कळलं तरी चालेल.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. घरी गेल्यावर तो नंबर पोरीच्या वहीत लिहून द्या.