अंगणाचा शिरस्ता



अध्यक्षपदाबद्दल आभार मानताना आपली अपात्रता सविस्तर सांगण्याचा जो रिवाज आपल्या संमेलनांत पडून गेला आहे, तो मी आज मोडतो. कारण ज्या सभेत बहुसंख्य श्रोत्या घरचे पाणी भरून, अंगणवाडीतली खिचडी वाढून आणि हजेरीपट पुरा करून आलेल्या सेविका आहेत, त्या सभेचा वेळ अध्यक्षाच्या विनयावर खर्च होणे उचित नव्हे. बालशिक्षण आणि सांस्कृतिक विविधता हा विषय मला नेमून देण्यात आला आहे. या भारदस्त नावाखाली पुष्कळ ठिकाणी काय घडते, हे आपण जाणताच. वर्षातून एक दिवस मुलांना कोळ्याचा, धनगराचा, पंजाब्याचा वेष चढवून, ओळीने उभे करून छायाचित्र घेतले जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सारी एकाच घरातून आली आहेत असे समजून कारभार पूर्ववत चालू होतो. मुलांना नटायला आवडते, तेव्हा या समारंभावर माझा राग नाही. पण तीन ते सहा वर्षांच्या बालकाची संस्कृती त्याच्या पोशाखात फार थोडी, आणि त्याच्या बोलण्यात, जेवणात, निजण्या-उठण्याच्या वेळांत व धाकटे भावंड कडेवर वागविण्याच्या सवयीत फार मोठ्या प्रमाणात वसत असते.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी जे बालगृह उघडले, त्याची पद्धती आपल्याकडे येईपर्यंत तिला मौल्यवान साधनांचे आणि सुखवस्तू घरांचे वळण लागले होते. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात ती पद्धती आत्मसात करून ज्या ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्यांनाच पुढे तिचा प्रांत पुरेनासा झाला, आणि १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. विकतच्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी आणि पानांनी घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायचे म्हणून शाळेला मुकते हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी निघाली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. मला या साऱ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, वारली कुटुंबाची दिनचर्या ही शिक्षणातली अडचण आहे अशी तक्रार करीत न बसता त्यांनी तिच्याबरहुकूम शाळेची रचना बदलली. (त्या अंगणात मुलांना न्हाऊ-माखू घालण्यावर जो भर होता, त्यात सुधारकाची थोडी वरून पाहणारी दृष्टी नव्हतीच, असे मात्र मी म्हणणार नाही.)

सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव सरकारदरबारी रुजू झाले. नावाबरोबर अंगणाचा मोकळेपणा दप्तरात शिरला की नाही, याचा पडताळा पाहायचा असेल तर मेळघाटात जावे. तेथल्या मुलांच्या घरची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळीची आणि मुंडारीची नातलग. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. योजनेच्या नियमानुसार सेविका स्थानिक असते, म्हणजे मुलांची भाषा बोलणारी शिक्षिका शासनाने नकळत नेमूनच ठेवलेली आहे. आणि तरीही पर्यवेक्षिकेची गाडी दिसताच कोरकूतली गोष्ट अर्ध्यावर थांबते, मुलांना प्रमाण मराठीतले बडबडगीत म्हणावयास सांगितले जाते, आणि जी बाई क्षणापूर्वी सर्वांत समर्थ होती ती आपल्याच खोलीत चाचरू लागते. तिला कोणी मनाई केलेली नसते. तपासणीच्या नमुन्यात तिच्या भाषेला रकाना नाही, एवढेच तिला ठाऊक असते. १९५६ च्या दुरुस्तीने संविधानात आलेला ३५० अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयी राज्यांना सांगतो. पण त्याआधीची जी वर्षे भाषेच्या दृष्टीने सर्वांत कोवळी, तीच त्याच्या शब्दांबाहेर राहतात.

‘मग आमची पोरे मराठी शिकायची कधी?’ असा सवाल पालक करतात, आणि त्यांना प्रतिगामी ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाजार, दवाखाना, तहसील कचेरी यांची भाषा त्यांच्या मुलाला आलीच पाहिजे. माझे म्हणणे क्रमापुरते आहे. ज्या मुलाला भूक लागली, पोट दुखते, भीती वाटते हे आपल्या बोलीत शिक्षिकेला सांगता येते, त्याचा दुसऱ्या भाषेवर विश्वास लवकर बसतो. ज्याला ते सांगता येत नाही ते मूल गप्प बसते, आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण मंदबुद्धी म्हणतो. जेवणाचेही तेच. सुक्या मासळीचा वास आला म्हणून शिक्षिकेने नाक मुरडले, तर त्या एका मुरडीने मुलाच्या आईचा दर्जा ठरून जातो.

आदराचाही एक अतिरेक असतो. वारल्यांच्या मुलीने कागद घेतला की तिने त्रिकोणी माणसांचा तारपानाचच काढावा, ही अपेक्षा मी भल्या शिक्षिकांत पाहिली आहे. तिला त्या दिवशी विमान काढावयाचे असेल. शिवाय काही मुलांचे घरच वर्षाचे निम्मे महिने फिरते असते. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबाचे मूल दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या परिसरातल्या कोपीवर असते, नाव मात्र गावच्या पटावर असते. आणि त्याचे पोषण, वजन व शिक्षण गाव आणि कारखाना या दोहोंच्या मध्ये कोठे तरी हरवते.

विषय नियामक समितीपुढे मी एक ठराव ठेवला आहे आणि तो उद्या सकाळच्या सत्रात आपणांपुढे येईल. अंगणवाडीच्या तपासणी-नमुन्यात तीन रकाने वाढवावेत, अशी त्यात शासनाला विनंती आहे: या खोलीतील मुले घरी कोणत्या भाषा बोलतात, सेविका त्यांपैकी कोणती वापरते, आणि हंगामात स्थलांतरित झालेल्या मुलाची नोंद कोणत्या गावच्या अंगणवाडीकडे वर्ग झाली. मसुद्याच्या शब्दरचनेत सेविका भगिनींना जे फेरफार सुचतील, ते आज रात्रीच्या जेवणापूर्वी चिटणिसांकडे लिहून द्यावेत. कोरकूत, गोंडीत किंवा भिलीत लिहून दिले तरी चालतील, भाषांतराची व्यवस्था आम्ही करू.