रेषेची जाडी

रेषेला लांबी असते, रुंदी नसते, असें मीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें. गेल्या पावसाळ्यांत नातीनें मला निराळाच धडा दिला.

माझ्या पत्नीस मधुमेह आहे. 'रोज टोंचून घेतें, तें इन्शुलिन दिसतें तरी कसें?' असें तिनें एकदां विचारलें. नातीनें संगणकावर 'पायमोल' ही आज्ञावली उघडली. इन्शुलिनची रचना डोरोथी हॉजकिन बाईंनीं सहकाऱ्यांसह १९६९ सालीं उलगडली. त्यांतील अणूंचीं स्थानें आज कोणासही विनामूल्य मिळतात.

काळ्या पडद्यावर केसासारख्या रेषांचें जाळें उमटलें. एक रेषा म्हणजे दोन अणूंमधील बंध; हिरवा कार्बन, निळा नत्र, तांबडा प्राणवायु, पिंवळें गंधक. 'मला नुसतें धुकें दिसतें,' पत्नी म्हणाली. नातीनें 'लाइन विड्थ' असें लिहून पुढें ४ हा आंकडा घातला. मूळचा सुमारें दीड होता. रेषा ठसठशीत झाल्या.

मग मीं चित्र जवळ ओढलें. बंध लांबले, पण रेषा जाड होईनात! कारण हा आंकडा पडद्यावरील ठिपक्यांचा आहे, रेणूच्या मापाचा नव्हे. बारीक ठिपक्यांच्या नव्या पडद्यावर तीच रेषा कृश दिसते, ती म्हणूनच. 'स्टिक' म्हणजे कांडी. तिची जाडी मात्र अँगस्ट्रॉममध्यें, मिलिमीटरच्या कोट्यंशांत, मोजतात. चित्र वाढलें कीं कांडीही वाढते.

हौसेनें मीं १० केले. मागचें सारें पुढच्याखालीं बुडालें. शिक्षकाची खोड, दुसरें काय! शेवटीं जाळें २ वर ठेवलें आणि गंधकाचे पूल तेवढे कांड्यांनीं दाखविले. इन्शुलिनच्या एका सांखळींत २१ आणि दुसरींत ३० अमिनो आम्लें. दोन पूल सांखळ्या जोडतात, तिसरा लहान सांखळींतच आहे. पत्नीनें तिन्ही बोटानें मोजले.

मग नात हळूच म्हणाली, 'आजी, अगं, ही नोंद डुकराच्या इन्शुलिनची आहे हं.' आमची शाकाहारी मंडळी दचकली. पण तिला टोंचतात तें मानवी घडणीचें. ५१ पैकीं फरक एकाच जागीं, लांब सांखळीच्या अगदीं टोंकाला. 'तेवढें टोंक जाड करून दाखव पाहूं,' असें म्हणून तिनें चष्मा पुसला.