हृदयरोग्याचे पुनर्वसन : रुग्णालयानंतरचा प्रश्न



वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅरिस्टर नाथ पै १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात हृदयविकाराने गेले. वय अवघे ४८. चळवळीने त्या मृत्यूतला त्याग आठवणीत ठेवला. परंतु हृदयरोग्याने पुढे जगावे कसे आणि त्यासाठी समाजाने कोणती व्यवस्था उभारावी, हा प्रश्न त्यांच्या सिंधुदुर्गात अजून मागेच राहिला आहे.

आज छातीत कळ आलेल्या मालवणच्या रापणकराला ओरोसला किंवा गोव्यात बांबोळीला नेतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेचा भार पुष्कळांना हलका झाला. पण घरी परतल्यावर बहुधा एकच सल्ला हाती उरतो : जड काम करू नका. रापण ओढण्यावर ज्याचे पोट, त्याला हा सल्ला म्हणजे बेकारीचा हुकूमच होय.

निव्वळ विश्रांती हा उपचार नव्हे. एकेकाळी अशा रुग्णाला कित्येक आठवडे खाटेला खिळवीत. १९५२ साली अमेरिकेत डॉ. लेव्हाइन व डॉ. लॉन यांनी त्याला खुर्चीत बसविले आणि ती समजूत ढासळू लागली. देखरेखीखाली क्रमाने वाढविलेला व्यायाम, नियमित औषधे, तंबाखूत्याग, योग्य आहार व मनाला धीर, यांस मिळून पुनर्वसन म्हणतात. व्यायामावर आधारलेल्या अशा पुनर्वसनाने हृदयविकाराचे मृत्यू घटतात, हे आता सर्वमान्य आहे. भारतात २४ केंद्रांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू घटल्याचे तीत सिद्ध झाले नाही. परंतु पूर्वीच्या कामांकडे परतण्यात योग करणारे सरस ठरले. श्रमिकाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

याला महागडी यंत्रे लागत नाहीत. सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो, हे मोजण्यास ३० मीटर सपाट जागा व घड्याळ पुरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस यासाठी राखून ठेवावा, ही मागणी रास्त आहे. दम कोंडून दोर ओढताना रक्तदाब एकदम चढतो. तेव्हा रापणीवर केव्हा परतावे, हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे. तोवर जाळी विणण्याचे काम त्याला द्यावे.

रापणीत मासळीची वाटणी होते. आजारी सोबत्याची वाटणी काही महिने चालू ठेवणे, मिश्री सोडविणे, खारवलेल्या मासळीतील मिठाचा धोका घरोघर सांगणे, ही कामे कार्यकर्त्यांनीच हाती घ्यावयाची आहेत. हृदय वाचविण्याचे काम रुग्णालयाने केले. माणूस कामावर परत आणण्याचे काम वाडीचे आहे.